परचेसच्या (खरेदी विभागाच्या) रिकाम्या खुर्चीबद्दल, बेळगावच्या उद्यमबागेतल्या मालकांना

प्रति,
उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती, नावगे आणि पलीकडे शिनोळीपर्यंतचे सर्व फाउंड्री (ओतकाम), मशीन-शॉप व हायड्रॉलिक्सचे कारखानदार

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन महिन्यांत तुमच्यापैकी पाच जणांचे मला फोन आले आणि पाचही जणांचं बोलणं एकच होतं. "बाई, परचेसला कोण चांगला माणूस असला तर सांगा की. अनुभवी पाहिजे, लगेच पाहिजे आणि टिकणारा पाहिजे." मी प्रत्येकाला "बघते" म्हणाले. फोनवर एक गोष्ट बोलायची राहून गेली, ती आता सगळ्यांसमोर लिहिते. ह्या पाचांपैकी तिघांकडे असा माणूस होता. मंदी आली तेव्हा सगळ्यांच्या आधी तुम्ही त्यालाच घरी पाठवलंत.

मी शहापूरची. १९९४ साली उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत टायपिस्ट म्हणून लागले. खरेदीच्या ऑर्डरी टाइप करता करता कुठला माल कुणाकडून येतो, का येतो, अमुक पार्टीला चार पैसे जास्त का देतात, हे समजत गेलं. पुढची सगळी नोकरी परचेसमध्येच झाली. भट्टी बंद असली तरी हेस्कॉम वीज कंपनीचं डिमांड चार्जेसचं बिल येतं, बँकेचा हप्ता थांबत नाही, साचे करणारा मोल्डर एकदा गावाला गेला की परत आणणं अवघड, हे सगळं मी जवळून पाहिलंय. मंदीत मालकाला झोप लागत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून रागाने लिहीत नाही. काळजी वाटते म्हणून लिहिते.

२००८ ची मंदी आपल्याकडे थंडीत पोचली. गाड्यांच्या कंपन्यांची शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, निम्म्यावर आली, मग त्याहून खाली. तीन पाळ्यांची भट्टी आठवड्यातून दोन दिवस पेटू लागली. २००९ च्या फेब्रुवारीत मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "बाई, खरेदीच नाही तर खरेदीचा माणूस ठेवून काय करू?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही. ऐकायला ते बरोबरच वाटत होतं. घरी दोन मुलं शाळेत, नवऱ्याची नोकरी हंगामी. मी डबा उचलला आणि तिसऱ्या फाटकाच्या बसला उभी राहिले.

त्यानंतरचे चौदा महिने मी रविवार पेठेतल्या एका लोखंडाच्या दुकानात हिशेब लिहिले. आज वाटतं, परचेसमधलं माझं खरं शिक्षण तिथं झालं, कारण पहिल्यांदाच मी टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. बाजार परत उठला, माल कमी आणि मागणारे जास्त झाले, तेव्हा दुकानाचे सावकार, म्हणजे मालक, माल कुणाला द्यायचा हे कसं ठरवतात ते रोज दिसायचं. सगळ्यांचा रेट जवळपास सारखाच असायचा. ते डोळे मिटून म्हणायचे, "त्या कारखान्यात आता फोन कोण करतो?" नाव ओळखीचं असलं, त्या माणसाने मागे कधी खोटं सांगितलेलं नसलं, तर गाडी तिकडे वळायची. नवीन आवाज आला, "मी अमुक कंपनीतून बोलतो, तुमचा बेस्ट रेट सांगा" असं म्हणाला, की सावकार नम्रपणे सांगायचे, "माल संपलाय, पुढच्या आठवड्यात बघू." माल मागच्या गोडाऊनमध्ये असायचा.

मी जिथून निघाले होते त्या कारखान्याचा फोनही असाच एकदा आला आणि "पुढच्या आठवड्यात" ऐकून संपला. मी तिथंच बसून होते. मला त्याचा आनंद झाला नाही. त्या भट्टीवर माझी पंधरा वर्षं गेली होती.

टंचाईत माल माणसाला मिळतो, कंपनीच्या लेटरहेडला मिळत नाही. एवढंच तुम्हाला पटलं तर बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

आता मंदीत परचेसला काम नसतं, ह्या समजाबद्दल. माझा अनुभव उलटा आहे. तेजीत परचेसचा माणूस दिवसभर गाड्यांच्या मागे पळत असतो, त्याला मान वर करायला वेळ नसतो. नवीन पार्टीकडे जाऊन त्यांचा माल बघणं, स्टोअरमध्ये पाच-पाच वर्षं पडून असलेला माल काढून विकणं, साच्यात लागणाऱ्या चार प्रकारच्या स्लीव्हच्या जागी दोन करणं, वाहतुकीचे जुने दर पुन्हा बोलणं, ही सगळी कामं मंदीतच होतात. आणि भाव कोणत्या बाजूला वळतोय हे ओळखणं. २०२२ सालची आठवण ताजी असेल. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर पिग आयर्नचा, म्हणजे भट्टीत वितळवायच्या कच्च्या लोखंडाचा, भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असायचा. २१ मेच्या रात्री केंद्र सरकारने पिग आयर्नच्या निर्यातीवर १५ टक्के कर लावला. ज्यांच्याकडे जाणता माणूस होता त्याने दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं, "आता साठा करू नका, बाहेर जाणारा माल इथंच राहणार, भाव उतरणार." ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी महाग माल यार्डात भरून ठेवला आणि उतरत्या भावाकडे बघत बसले. तो कर १९ नोव्हेंबरला निघाला, तेव्हा उलटा हिशेब करायचा होता. तेव्हाही असंच झालं.

हिशेबच करायचा तर हा बघा. महिन्याला ३०० टन वितळवणाऱ्या फाउंड्रीत मालाच्या सरासरी भावात किलोमागे एक रुपया फरक पडला तर महिन्याला तीन लाख होतात. एका चांगल्या परचेस ऑफिसरच्या पगाराच्या किती पट, ते तुमचं तुम्हीच काढा. आणि हा फक्त भावाचा हिशेब आहे. माल चुकीचा आला तर काय होतं, ते रुपयाच्या हिशेबात बसत नाही.

त्या दुकानानंतर मी ज्या दुसऱ्या कारखान्यात लागले, तिथं एक जुने गृहस्थ होते, सगळे त्यांना दादा म्हणत. स्क्रॅपची गाडी वजनकाट्यावरून उतरली की दादा बाजूची साखळी धरून वर चढायचे. हातात एक चुंबक आणि एक जुनी कानस. वरचा थर ते बघतच नसत, कारण वरचा थर विकणाऱ्याने दाखवण्यासाठीच लावलेला असतो. ते मधे खड्डा करायला लावायचे. चुंबकाला न चिकटणारा तुकडा निघाला की स्टेनलेस म्हणून बाहेर. गॅल्व्हनाइज्ड पत्रा त्याच्या फुलाफुलांच्या नक्षीवरून बाहेर. मोटरसायकलचा शॉकअब्जॉर्बर किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप सापडला तर दादा गाडीवाल्यावर ओरडायचे, कारण तसलं काही भट्टीत गेलं तर आतली हवा-तेल तापून स्फोट होतो आणि समोर उभ्या असलेल्या भट्टीवाल्याचं तोंड भाजतं. असे दहा-वीस मिनिटं गेल्यावर खाली उतरून, हात पुसून ते सही करायचे.

२०१९ मध्ये गाड्यांचा बाजार बसला, त्यावर २०२० चा लॉकडाउन आला. दादांना निरोप दिला. वर्षभरात काम परत आलं, तेव्हा अर्ध्या पगारावर एक डिप्लोमा झालेला मुलगा घेतला. मुलगा हुशार, सरळ आणि मेहनती. त्याला कुणीतरी चुंबकाची गोष्ट सांगितली होती, म्हणून तोही चुंबक घेऊन जायचा. एका गाडीत ट्रकचे कमानपाटे भरपूर आले. भाव स्वस्त, चुंबकाला चिकटतात, जाड माल, भट्टीत लवकर भरतो. त्याने पास केला. पाट्याच्या पोलादात मँगनीज आणि क्रोम असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट ओतीव लोखंडात, ते गेलं, आणि ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटच्या पातळ कडा इतक्या कडक निघाल्या की मशीन-शॉपमध्ये कापायच्या हत्यारांच्या टिपा उडायला लागल्या. ऑपरेटर म्हणे टिपा खराब, टिपांची पार्टी म्हणे स्पीड जास्त, लॅबवाला म्हणे माझ्याकडचा नमुना बरोबर आहे. आठ-दहा दिवस हेच चाललं. शेवटी मी यार्डात जाऊन उरलेल्या ढिगाजवळ उभी राहिले आणि दोन मिनिटांत कळलं. दादा त्या पाट्यांना हात लावल्याशिवाय, नुसतं लांबून बघून "हे परत न्या" म्हणाले असते.

तो मुलगा त्या दिवशी स्टोअरच्या मागे जाऊन रडला. दोन महिन्यांनी कागलला गेला. चूक त्याची नव्हती. दादांना सहा महिने जास्त ठेवलं असतं आणि हा मुलगा त्यांच्या मागून गाडीवर चढला असता, तर दोघंही आज तिथं असते.

तर माणूस मिळाला, पुढे तो टिकत का नाही? तुम्ही म्हणाल पगार. पगाराचं कारण आहेच. निपाणीच्या मुलाला कागलची पंचतारांकित एमआयडीसी दाराशी आहे, खानापूरच्या मुलाला गोवा जवळ पडतो, आणि बाकीच्यांसाठी रात्रीच्या बसने पुणे-चाकण. त्यांच्या बरोबरीने द्या, किंवा थोडा कमी देऊन घरचं जेवण आणि घरचं गाव ह्याच्या जोरावर ठेवा, पण एप्रिलमध्ये किती वाढणार हे कागदावर लिहून द्या. पगारावर मी एवढंच बोलेन. कारण माझ्या ओळखीची जी आठ-दहा चांगली माणसं परचेस सोडून गेली, त्यांतली निम्मी पगारासाठी गेली नाहीत. ती दोन गोष्टींना कंटाळून गेली.

पहिली गोष्ट उधारीची. परचेसच्या माणसाकडे भांडवल एकच असतं, त्याचा शब्द. कोकणातून, कासार्ड्याहून सिलिका वाळूची गाडी मागवताना तो सांगतो, "तीस तारखेला पेमेंट होईल." तीस तारखेला मालक म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू, तू सांभाळून घे." सांभाळून घे म्हणजे खोटं बोल. एकदा बोलतो, दोनदा बोलतो. तिसऱ्या वेळी वाळूवाला म्हणतो, "अक्का, तुम्ही शब्द दिला होता." हे वाक्य मी ऐकलंय, एकदा नाही, अनेकदा, आणि दर वेळी पोटात खड्डा पडला. माझे वडील खासबागेत मागावर लुगडी विणायचे. सूत उधारीवर आणायचे आणि बाजाराच्या दिवशी, शनिवारी, लुगडं विकलं की घरी येण्याआधी सूतवाल्याकडे जायचे. कधी पैसे पुरे नसायचे. तरी जायचे आणि समोर उभं राहून सांगायचे की आज एवढेच आहेत. सूतवाल्याने त्यांना कधी सूत नाकारलं नाही. परचेसच्या माणसाला हेच करू द्या. पैसे नसतील तर "नाहीत" असं खरं सांगायची आणि कधी येतील ती तारीख द्यायची मुभा त्याला द्या. आणि ती तारीख पाळा.

आता कायद्यानेही हे सोपं राहिलेलं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हे पहिल्यापासून आहे. आता आयकर कायद्यामुळे, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजावटीत धरता येत नाही, आणि मार्चअखेरीला सीए तुमच्याकडे बघत बसतात. कुठली पार्टी सरकारच्या 'उद्यम' नोंदणीत आहे, ती सूक्ष्म की लघु, कोण उत्पादक आणि कोण नुसता व्यापारी, हे सगळं परचेसच्या माणसाला माहीत असावं लागतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या स्क्रॅपवर जीएसटीचा दोन टक्के टीडीएस आलाय, नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून घेतलं तर कर तुम्ही भरायचा. हे सगळं सांभाळणारा माणूस तुम्ही "ऑर्डरी टाइप करणारा" म्हणून धरता, आणि मग तो निघून गेला म्हणून आश्चर्य करता.

दुसरी गोष्ट संशयाची. ही लिहिताना मला जड जातंय. आपल्याकडे एक समज पक्का आहे, की परचेसवाला खातो. खाणारे आहेत. मी दोघांना स्वतः पकडलंय. पण जो खात नाही त्याच्याशीही तुम्ही तसंच वागता. त्याच्या मागे पार्टीला फोन करून "आमच्या माणसाने तुमच्याकडे काय मागितलं?" असं विचारता. पार्टी ते त्याला सांगते. बेळगाव लहान गाव आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळपर्यंत ते त्याच्या घरी पोचलेलं असतं. मला असं एकदा झालंय. त्या रात्री मी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मालकासाठी एक रुपयाही जास्त भांडून वाचवावा असं मनातून वाटेना. कामावर मी नंतरही तीन वर्षं होते. तीन वर्षं फक्त काम केलं.

संशय घ्यायचा तर तो पद्धतीत घाला, माणसावर घेऊ नका. ठरावीक रकमेच्या वरची खरेदी तीन कोटेशनशिवाय नाही, आणि तुलनेच्या कागदावर परचेस व उत्पादन दोघांच्या सह्या. काट्याची पावती परचेसच्या हातातून न जाता थेट अकाउंटला. दिवाळीची मिठाई, डायऱ्या, जे काही येईल ते कॅन्टीनच्या टेबलावर सगळ्यांसमोर. सगळ्यात स्वस्त पार्टी सोडून दुसरी घेतली तर का घेतली ते दोन ओळींत लिहायचं. एवढं झालं की त्याच्यावर विश्वास ठेवा आणि एका मर्यादेपर्यंत सही करायचा अधिकार द्या. रात्री साडेनऊला फेरो सिलिकॉनची गाडी होनग्याच्या फाट्यावर उभी असताना त्याला तुम्हाला लग्नात फोन करावा लागू नये.

माणूस कुठून आणायचा, हेही विचारता. जाहिरातीपेक्षा आधी तुमच्याच आवारात बघा. स्टोअरचा जो मुलगा माल उतरवताना पोतं हातात घेऊन वजनाचा अंदाज बांधतो, लॅबमधली जी मुलगी स्वस्त कार्बुरायझरमध्ये (लोखंडातला कार्बन वाढवायच्या मालात) गंधक जास्त आहे असं तीनदा लिहून देते आणि कुणी वाचत नाही, त्यांना परचेसला घ्या. ती मुलगी बरोबर सांगत असते. गंधक जास्त गेलं की मॅग्नेशियम जास्त खर्च होतं, आणि किलोमागे वाचवलेले रुपये त्यात निघून जातात. इंजिनियर घ्या, उद्यमबागेच्या शेजारीच इंजिनियरिंग कॉलेज आहे, पण त्याला पहिले सहा महिने संगणकासमोर बसवू नका. भट्टीवर, यार्डात, मशीन-शॉपमध्ये उभं करा.

आणि बायकांना घ्या. गाडीवर चढायला लागतं म्हणून घेत नाही असं मला एका मालकाने सांगितलं. मी चढलेय. साडीचा पदर खोचून, वयाच्या पन्नाशीपर्यंत.

मुलाखतीत इंग्रजीसाठी मुलं नापास करता, तेही थांबवा. खानापूरच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा ईमेल लिहिताना अडखळेल, ते चार महिन्यांत येतं. पण तो कोल्हापूरच्या रेझिनवाल्याशी मराठीत बोलतो, कोप्पळला फोन लावला की कन्नडमध्ये बोलतो, कच्छच्या बेंटोनाइटवाल्याशी हिंदीत, आणि गोव्याहून निघालेला ड्रायव्हर चोर्ला घाटात अडकला तर त्याच्याशी त्याच्या भाषेत. ही आपल्या सीमाभागाची कमाई आहे. पुण्याच्या कंपन्यांनी ती ओळखली, म्हणून आपली मुलं तिकडे आहेत.

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला तेव्हा निर्यातीच्या कास्टिंगवाल्यांचे चेहरे मी पाहिलेत. महिन्याभरात २२ सप्टेंबरला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि दुसऱ्या काहींचे फोन वाजायला लागले. ह्यापुढे असंच चालणार. एका बाजूने काम जाईल, दुसऱ्या बाजूने येईल, आणि मधे अंतर थोडं असेल. त्या अंतरात माणूस काढून परत शोधायला वेळच मिळणार नाही. काम उतरलं तर सगळ्यांचे दिवस कमी करा, तुमचेही. परचेसच्या माणसाला तीन दिवसांचा पगार द्या, पण नाव पटावर ठेवा, आणि शेड्यूल परत आली की पूर्ण पगार कुठल्या तारखेपासून, ते लिहून द्या. मला २००९ मध्ये कुणी असं विचारलं असतं तर मी "हो" म्हणाले असते.

मी आता घरी असते. माझ्याकडे तीन जाड वह्या आहेत, १९९८ पासूनच्या. त्यातल्या दरांचा आता काही उपयोग नाही, पण कोण कुठल्या मालात पक्का, कोण पावसाळ्यात ओली वाळू पाठवतो, कुणाचा मुलगा आता धंदा बघतो, कुणाशी सकाळी बोलावं आणि कुणाशी दुपारनंतर, हे सगळं त्यात आहे. तुमच्यापैकी ज्याने परचेसला नवीन माणूस घेतला असेल त्याने त्याला माझ्याकडे पाठवावं. तीन-चार दुपारी बसू आणि त्याला हवं ते उतरवून घेऊ दे. पैसे नकोत. फक्त त्याला वर्षभर तरी काढणार नाही असं आधी मला सांगा. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी चालेल, शनिवारी मी बाजाराला जाते.

आपली,
शहापूरची एक जुनी परचेस ऑफिसर